नर्सने औषध लिहावे, पण कुठवर?

गावच्या उपकेंद्रातल्या नर्सने उच्च रक्तदाबाची पहिली गोळी स्वतःच्या निर्णयाने सुरू करावी की नाही, हा प्रश्न ऐकायला किरकोळ वाटतो. अॅम्लोडिपिनची पाच मिलिग्रॅमची ती गोळी सरकारी पुरवठ्यात फुकट मिळते आणि घरोघरी कुणी ना कुणी ती रोज घेत असते. तरीही या एवढ्याशा गोळीपाशी डॉक्टरांच्या संघटना, परिचारिकांच्या परिषदा आणि कायदेमंडळ अडून बसतात. आजार ओळखण्याचा आणि उपचार ठरवण्याचा अधिकार त्या गोळीसोबत जातो, आणि तो डॉक्टरखेरीज दुसऱ्या कुणाला द्यायचा का, यावर आपले अजून ठरलेले नाही.

अमेरिकेत हा वाद साठ वर्षे जुना आहे. १९६५ साली कोलोराडो विद्यापीठात लोरेटा फोर्ड ही परिचारिका आणि हेन्री सिल्व्हर हे बालरोगतज्ज्ञ यांनी मिळून नर्स प्रॅक्टिशनरचा पहिला अभ्यासक्रम सुरू केला. मुलांना तपासायला पुरेसे डॉक्टर मिळत नव्हते, म्हणून अनुभवी नर्सना जादा शिक्षण देऊन ती उणीव भरायची, असा साधा हिशेब होता. आज तिथे साडेतीन लाखांहून जास्त नर्स प्रॅक्टिशनर आहेत आणि निम्म्याहून अधिक राज्यांत त्या डॉक्टरच्या देखरेखीविना रुग्ण तपासतात, औषधे लिहून देतात. आपल्याकडे इंडियन नर्सिंग कौन्सिलने अतिदक्षता विभागासाठी दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आखला. २०१८मध्ये प्रसूतिसेवेसाठी अठरा महिन्यांच्या प्रशिक्षणाचे धोरण आले. अभ्यासक्रम पुढे गेले. त्या नावाचे पद, पगार आणि औषध लिहिण्याचा स्पष्ट अधिकार मात्र मागे रेंगाळला.

याच काळात अतिदक्षता विभागापासून दूर, उपकेंद्रांमध्ये, तीच कल्पना वेगळ्या नावाने रुजली. २०१८मध्ये आयुष्मान भारत योजनेखाली देशभर दीड लाख आरोग्य केंद्रे उभी करण्याचे ठरले. आज ती आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणून ओळखली जातात. त्यातल्या उपकेंद्रांवर समुदाय आरोग्य अधिकारी, म्हणजे बोलीत सीएचओ, नेमले गेले. महाराष्ट्रात या खुर्चीवर बीएस्सी नर्सिंग झालेल्यांच्या बरोबरीने बीएएमएस आणि बीयूएमएस झालेलेही आहेत. नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाचा सहा महिन्यांचा अभ्यासक्रम करून ते इथे येतात. आपला प्रश्न त्यांतल्या नर्सपुरता आहे, कारण तिच्या हातात काम सर्वांत मोठे आणि अधिकार सर्वांत धूसर आहे.

तिचा दिवस कसा जातो ते आधी पाहू. सपाटीवर पाच हजार आणि डोंगराळ किंवा आदिवासी भागात तीन हजार लोकवस्तीला एक उपकेंद्र, हा निकष. सोबत आरोग्य सेविका, आरोग्य सेवक आणि गावातल्या आशा. केंद्राच्या मूळ यादीप्रमाणे उपकेंद्रात १०५ औषधे असायला हवीत आणि १४ तपासण्या व्हायला हव्यात. कपाट उघडल्यावर त्यातले काय हाती लागते, हे त्या महिन्याच्या पुरवठ्यावर. सकाळच्या ओपीडीत ताप, जुलाब, खरूज, पाठदुखी, गरोदर बायांची तपासणी आणि बीपी-शुगरचे नेहमीचे पेशंट. गुडघा दुखतो म्हणून पन्नाशीचा एखादा शेतकरी येतो. सिस्टर हाताला पट्टा बांधते तर बीपी १७०/१०४. पाच मिनिटे शांत बसवून पुन्हा बघते, तरी १६६/१०२. डोके दुखत नाही, छातीत काही नाही, पायाला सूज नाही. काय करायचे ते तिला माहीत आहे, गोळीही कपाटात आहे. पण चालू पद्धतीप्रमाणे उपचाराची सुरुवात वैद्यकीय अधिकाऱ्याने करायची आणि पुढच्या महिन्यांचे रिफिल तिने द्यायचे. म्हणून एक तर ई-संजीवनी या सरकारी दूरसल्ला सेवेवर डॉक्टर जोडायचा किंवा चिठ्ठी देऊन प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवायचे. रेंज असेल तर पहिला मार्ग, नसेल तर दुसरा. दुसरा म्हणजे एसटीची वाट, अर्धा दिवस आणि बुडालेला रोज. ‘पेरणी झाली की जातो,’ असे म्हणून तो उठतो. तो जाणार नाही, हे टेबलाच्या दोन्ही बाजूंना ठाऊक असते.

दुपार गृहभेटींची आणि त्याहून जास्त मोबाइलची. तिशीपुढच्या प्रत्येकाची असंसर्गजन्य आजारांची तपासणी, आशांनी भरून आणलेले फॉर्म, पोर्टलवरच्या नोंदी, टेलिकन्सल्टेशनचा आकडा, योगाच्या सत्राचा फोटो. मानधनाखेरीज महिन्याला कमाल पंधरा हजारांपर्यंतचा मोबदला अशा ठरावीक निर्देशांकांवर मिळतो. त्यामुळे तपासलेला पेशंट पोर्टलवर चढला नाही तर तो हिशेबात धरलाच जात नाही. शिवाय नोकरी कंत्राटी.

आता मूळ वाद. अधिकार द्यावा म्हणणाऱ्यांचा पहिला मुद्दा असा की नर्सची तुलना कुणाशी करायची ते आधी ठरवा. नर्स की एमबीबीएस, असा पर्याय गावात फारसा नसतोच. तिने परत पाठवलेला माणूस पुष्कळदा डॉक्टरकडे न जाता औषध दुकानाच्या काउंटरवर जातो, नाहीतर ‘सलाईन लावली की बरे वाटते’ या भरवशावर चालणाऱ्या बोगस दवाखान्यात. तिला नाही म्हणताना आपण नकळत त्यांना हो म्हणत असतो.

दुसरा मुद्दा पुराव्याचा. न्यूयॉर्कमध्ये १,३१६ रुग्ण चिठ्ठ्या टाकाव्यात तसे नर्स प्रॅक्टिशनर आणि डॉक्टर यांच्यात वाटून केलेला अभ्यास २००० साली ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. सहा महिन्यांनंतर दोन्ही गटांच्या प्रकृतीत दखल घ्यावी असा फरक आढळला नाही. वैद्यकीय पुरावे पडताळणाऱ्या कॉक्रेन संस्थेने २०१८मध्ये अशा अनेक प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला. प्राथमिक उपचारांत शिकलेल्या नर्सचे काम डॉक्टरांच्या तोडीचे, काही बाबतींत सरसही, असा त्याचा सूर होता. नर्स रुग्णाला जरा जास्त वेळ देतात, हेही त्यात दिसले.

पण त्यासाठी न्यूयॉर्कपर्यंत जायचीही गरज नाही. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७०मध्ये जामखेडला काम सुरू केले ते गावातल्याच बायांना आरोग्याचे शिक्षण देऊन. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांमध्ये खेड्यातल्या स्त्रियांना नवजात बाळाचा जंतुसंसर्ग ओळखायला आणि जेंटामायसिनचे इंजेक्शन द्यायला शिकवले. १९९९मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या त्या अभ्यासानुसार नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी उतरले. त्या स्त्रियांपैकी कुणी नर्सिंग कॉलेजची पायरी चढलेली नव्हती. चार वर्षे नर्सिंग शिकलेल्या मुलीला अॅम्लोडिपिन झेपणार नाही, असे म्हणायला मग तोंड राहत नाही. गंमत अशी की गरोदरपणात फिट आलेल्या बाईला मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस देऊन पुढे पाठवण्याची मुभा आरोग्य सेविकेला आहे. जीव घेणाऱ्या प्रसंगात आपण तिच्यावर विसंबतो आणि रोजच्या गोळीला मात्र मागे सरतो.

विरोधी बाजूही तितक्याच शांतपणे ऐकायला हवी. डॉक्टरांचा विरोध हा निव्वळ धंद्याचा बचाव आहे, असे म्हणून तो झटकून टाकता येत नाही.

त्यांचा सर्वांत वजनदार आक्षेप निदानाचा आहे. औषध लिहिणे सोपे. ते कधी लिहू नये हे कळणे अवघड. जेवण झाल्यावर छातीत जळजळते म्हणून आलेल्या दहा जणांतल्या नऊ जणांना पित्तच असते. दहाव्याला पित्ताची गोळी देऊन घरी पाठवले तर तो रात्री जातो, कारण ती हृदयविकाराची सुरुवात असते. तो दहावा ओळखण्यासाठीच वैद्यकीय शिक्षणाची वर्षे खर्ची पडतात. याला पुरावाही आहे. अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांमधल्या तातडीच्या विभागांचा एक अभ्यास २०२२मध्ये आला. डॉक्टरच्या देखरेखीविना नर्स प्रॅक्टिशनरने पाहिलेल्या रुग्णांचा तिथला मुक्काम ११ टक्क्यांनी लांबला आणि टाळता आली असती अशी महिन्याभरातली भरती २० टक्क्यांनी वाढली. म्हणजे ज्या नर्स ठरलेल्या प्राथमिक उपचारांत डॉक्टरच्या बरोबरीने उभ्या राहतात, त्याच अनोळखी, गुंतागुंतीच्या रुग्णापुढे कमी पडतात.

आपल्या शेजारचा पुरावा आणखी बोलका आहे. छत्तीसगडने तीन वर्षांचा अभ्यासक्रम करून ग्रामीण वैद्यकीय सहायक तयार केले आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांवर नेमले. २०१०च्या सुमारास त्यांची तुलना इतरांशी झाली, तेव्हा नेहमीच्या आजारांत ते एमबीबीएस डॉक्टरांइतकेच सक्षम निघाले. आयुष डॉक्टर त्यांच्या खाली होते. आणि डॉक्टर नाही म्हणून जिथे नर्स किंवा फार्मासिस्ट रुग्ण तपासत होते, ती केंद्रे सर्वांत तळाला. हा निकाल दोन्ही बाजू आपापल्या सोयीने वापरतात. डॉक्टरच हवा असे त्यातून सिद्ध होत नाही, आणि कुणीही चालेल असेही नाही. कामासाठी नेटके, पुरेसे लांब शिक्षण दिले तर ते उतरते. खुर्चीवर नुसते बसवले तर नाही, एवढेच तो सांगतो. आपला सहा महिन्यांचा अभ्यासक्रम यांपैकी कुठे बसतो, हे त्याच्या पुरस्कर्त्यांनी प्रामाणिकपणे सांगावे.

दुसरा आक्षेप नैतिक आहे आणि तो उडवून लावणे बरे नाही. शहराला तज्ज्ञ आणि खेड्याला कमी शिकलेला, अशी दोन प्रतींची वैद्यकी आपण मान्य करणार का? १९४६च्या भोर समितीने याच विचाराने कमी मुदतीचे लायसेन्शिएट अभ्यासक्रम बंद करून देशभर एकाच दर्जाचा डॉक्टर असावा, अशी शिफारस केली. तेव्हाही समितीतल्या काही सदस्यांना ते पटले नव्हते. समतेचा तो आग्रह उदात्त होता. पण एकाच दर्जाचा डॉक्टर तयार झाला तो शहरात राहिला, आणि खेड्याच्या वाट्याला कमी दर्जाऐवजी रिकामी खुर्ची आली.

तिसरा आक्षेप गळतीचा. सरकारी उपकेंद्रापुरता म्हणून दिलेला परवाना उद्या तालुक्याच्या नाक्यावर पाटी लावून बसला तर? २०१९च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग विधेयकात कलम ३२ आले, मर्यादित परवान्याचे समुदाय आरोग्य सेवक नेमण्याची वाट त्याने खुली केली, आणि ३१ जुलैला देशभरच्या डॉक्टरांनी एक दिवसाचा बंद पुकारला तो मुख्यतः याच धास्तीने. नोंदणीकृत डॉक्टरांच्या एक तृतीयांशापर्यंत असे परवाने देण्याची तरतूद पाहता ती धास्ती अगदीच निराधार म्हणता येत नाही. अँटिबायोटिक्सचा आधीच बोकाळलेला वापर आणखी वाढेल, ही भीतीही तिच्यासोबतच येते.

आणि एक गोष्ट कोणत्याही प्रोटोकॉलमध्ये बसत नाही. डॉ. हिंमतराव बावस्कर महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात होते तेव्हा विंचूदंशाने धडधाकट माणसे मरत होती आणि त्यावर ठरलेला असा उपचार नव्हता. रुग्णाच्या उशाशी बसून, नोंदी ठेवून त्यांनी हृदयावर होणारा परिणाम ओळखला आणि प्राझोसिन या औषधाचा मार्ग काढला. ठरलेल्या पायऱ्यांवर चालणारी व्यवस्था माहीत असलेले आजार हाताळते. नवे काही ओळखायला खोलवर शिकलेले डोके खेड्यात असावेच लागते.

या ताणाताणीत एक बाजू कुणी फारशी विचारत नाही, ती स्वतः नर्सची. अधिकार मिळावा असे तिला वाटतेच असे नाही. औषध तिने सुरू केले आणि पेशंट बिघडला तर गावाचा राग तिच्यावर, नोटीस तिला आणि कंत्राटही तिचेच संपणार. उपकेंद्राच्या क्वार्टरमध्ये एकटी राहणारी बाई हे सगळे अंगावर घ्यायला कचरली तर त्यात नवल काय? आज ती काही वेळा वरिष्ठांच्या तोंडी ‘बघ जरा’वर गोळी देतेही. तेव्हा काम तिचे असते आणि कागदावर मात्र कुणीच नसते. आहे ती व्यवस्था सुरक्षित आहे असे मानणाऱ्यांनी ही चोरवाट लक्षात घ्यावी.

सगळे तोलून पाहिले तर पारडे अधिकार देण्याकडे झुकते, पण सरसकट नाही. दोन्ही बाजूंचे पुरावे एकमेकांना खोडत नाहीत. ते वेगवेगळ्या आजारांबद्दल बोलतात. म्हणून अधिकार पदवीला न जोडता आजाराला जोडावा. जिथे निर्णय मोजमापावर ठरतो तिथे नर्सला पूर्ण मोकळीक असावी. गुंतागुंत नसलेला रक्तदाब, रक्तक्षय, जुलाबाला ओआरएस आणि झिंक, गर्भनिरोधक साधने, आणि पूर्ण मिनिट श्वास मोजून ओळखलेला लहान मुलाचा न्यूमोनिया. दोन महिने ते एक वर्षाच्या बाळाला मिनिटाला ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांच्या मुलाला ४० किंवा जास्त, हा आकडा डॉक्टरच्या हातातल्या घड्याळावर वेगळा येत नाही. मधुमेहाची सुरुवात, न उतरणारा ताप, दोन महिने गोळी घेऊनही न उतरलेला बीपी हे सगळे डॉक्टरशी बोलूनच. छातीतले दुखणे, दूध न ओढणारे बाळ, गरोदरपणातली फिट यांत तिने ओळखावे, पहिला डोस द्यावा, १०८ रुग्णवाहिका बोलवावी. उपचार ठरवत बसू नये.

भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम २०१७च्या अखेरीस ज्या पहिल्या पाच राज्यांत सुरू झाला त्यांत महाराष्ट्र होता. मोजकी औषधे, ठरलेल्या पायऱ्या आणि रुग्णाच्या घराजवळ रिफिल, हे त्याचे सूत्र. पुढची एक पायरी नर्सला चढू देणे ही त्याच वाटेवरची गोष्ट आहे.

डॉक्टरांच्या आक्षेपांचे उत्तर अटींमध्येच द्यावे लागेल. परवाना व्यक्तीच्या नावे नको, सरकारी केंद्रातल्या पदाच्या नावे हवा. नोकरी सुटली की परवाना संपला. मग नाक्यावरची पाटी लागणार नाही. अँटिबायोटिक्सची यादी दोन-तीन नावांपुरती आणि प्रत्येक चिठ्ठीचा हिशेब दिसेल अशी. दोन प्रतींच्या वैद्यकीचा आक्षेप खोटा ठरवायचा असेल तर या अधिकाराच्या आडून वैद्यकीय अधिकाऱ्याची एकही जागा रिकामी ठेवता कामा नये, आणि शहरातल्या प्रसूतिगृहांत व अतिदक्षता विभागांतही शिकलेल्या नर्स प्रॅक्टिशनरला तेच स्थान मिळाले पाहिजे. नर्सने बीपीचे नेहमीचे पेशंट हाती घेतले तर प्राथमिक केंद्रातल्या डॉक्टरला अवघड रुग्णापाशी बसायला वेळ मिळेल, हाही यातला नफा.

सरकारच्या बाजूच्या अटी याहून कडक असाव्यात. सहा महिन्यांचा अभ्यासक्रम या कामाला पुरत नाही. वर्षभर वैद्यकीय अधिकाऱ्याशेजारी बसून रुग्ण पाहणे आणि ठरावीक काळाने पुन्हा परीक्षा, एवढे तरी हवे. प्रत्येक उपकेंद्रामागे नावानिशी एक डॉक्टर, जो फोन उचलेल आणि दर महिन्याला तिचे काही केसपेपर वाचेल. १९४७च्या नर्सिंग कौन्सिल कायद्याची जागा घेण्यासाठी २०२३मध्ये राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिविद्या आयोगाचा कायदा संमत झाला; त्याखालच्या नियमांत औषधांची यादी आणि ठरलेल्या पायऱ्या पाळणाऱ्या नर्सला कायदेशीर संरक्षण स्पष्ट शब्दांत उतरावे. आणि कायम नोकरी. कंत्राटावरच्या माणसाला निर्णयाचा अधिकार देणे म्हणजे चूक झाली की बळी कोणाचा द्यायचा हे आधीच ठरवून ठेवणे.

हे सारे राज्यभर एकदम लागू करण्याचे कारण नाही. एक मैदानी, एक आदिवासी आणि एक कोकणातला, असे काही तालुके घ्यावेत, शेजारचे तालुके तुलनेला ठेवावेत आणि दोन वर्षे पाहावे: किती जणांचा बीपी आटोक्यात आला, किती जण उशिरा रेफर झाले, किती अँटिबायोटिक्स गेली, किती नर्सनी काम सोडले. आकडे उघड असावेत. ते विरोधात गेले तर अधिकार मागे घेऊ, असे सरकारने, आणि बाजूने गेले तर विरोध सोडू, असे डॉक्टरांच्या संघटनांनी प्रयोगाआधीच लेखी द्यावे.

प्रयोगाची आखणी, नियम, बैठका यांत वर्ष जाईल. तोवर एक काम उद्यापासून करता येईल. पोर्टलवरच्या नोंदींसाठी चार-पाच उपकेंद्रांमागे एक डेटा ऑपरेटर द्यावा आणि सिस्टरची दुपार मोकळी करावी. परत पाठवलेला पेशंट खरोखर पोहोचला का, हे विचारायला तिला तेवढा वेळ पुरेल, आणि या मागणीला ना डॉक्टरांच्या संघटनेची हरकत असेल ना परिचारिकांच्या.